प्रमुख संशोधकाच्या रकान्यात

सुव्हा, फिजी,
शनिवार

प्रिय माकेरेता ताई,

हे पत्र तुझी लेक उनाइसी तुला वाचून दाखवेल. उनाइसी, सावकाश वाच, आणि आईला त्रास होईल म्हणून मधलं काही गाळू नकोस. ताई, तू काठी धरून खिडकीपर्यंत चालत गेलीस, असं तिने कळवलं. ऑकलंडच्या थंडीत इस्पितळाच्या त्या पातळ झग्यावर तू निभावतेस कशी, कोण जाणे. तुझा लोकरीचा स्वेटर सोबत पाठवते आहे.

तुझ्या बेटावरून आणलेली अळूची रोपं बरी आहेत. खाऱ्या पाण्याच्या टाकीतली काही पिवळी पडून गेली, पण तुझ्या आईने निवडलेल्या रोपांना नवी पानं फुटली आहेत. गावाकडच्या बातम्या मात्र चांगल्या नाहीत. भरतीचं खारं पाणी अळू लावायच्या आणखी दोन खड्ड्यांत शिरलं. बायका विचारतात, माकेरेताची रोपं कधी येणार? त्यांना काय सांगू? अनुदान मिळालं नाही तर वर्षअखेर हरितगृह रिकामं करा, असं विद्यापीठाने स्पष्ट सांगितलंय.

प्रस्ताव पाठवायचा शेवटचा दिवस काल होता. तुला ठाऊकच आहे, आपण कितीही लिहिलं तरी शेवटचं बटण संशोधन कार्यालयातून रोहितेशभाईच दाबणार. दुपारी गेले, तर ते चष्मा कपाळावर चढवून पडद्याकडे बघत बसलेले. म्हणाले, “तोरिका, सगळं हिरवं आहे, एकच खूण लाल आहे. प्रमुख संशोधकाने स्वतः आत शिरून ‘मी हे काम करायला समर्थ आहे’ असं मान्य करायचंय. मॅडमनी ते केलेलं नाही.” तू अशी अचानक पक्षाघाताचा झटका येऊन पडलीस, कशी करणार होतीस?

तेवढ्यात डीनसाहेब आले. “तिचा पासवर्ड तुझ्याकडे आहे ना? मग टाक आणि मोकळी हो. तिचं नाव बघून पैसे मिळतात बाई, तुला कोण ओळखतं?” मला ते लागलं, पण खोटंही नव्हतं. रोहितेशभाई मान वर न करता म्हणाले, “साहेब, ऑकलंडला खाटेवर असलेल्या बाईने सुव्ह्यात बसून कबुली दिली कशी, असं उद्या कोणी विचारलं, तर उत्तर तुम्ही देणार की मी?” डीन चिडून खाली निघून गेले, शुक्रवारच्या पिण्याच्या बैठकीसाठी यांगोनाची मुळं घोटून मंडळी त्यांची वाट बघत होती.

ताई, मी तुझा पासवर्ड टाकला. पडद्यावर तुझं नाव आलं, खाली ती ओळ, आणि शेजारी रिकामी चौकट. बोट ठेवलं आणि उचललं. तुझ्या तोंडून मला ते म्हणता येईना. बाहेर पडून उनाइसीला फोन केला. ती म्हणाली, “मावशी, आईजवळ कामाचा विषयही काढू नकोस. वर्षभर तरी ती परत येत नाही. आम्ही तिला हे अजून सांगितलेलं नाही.” मी भिंतीला टेकून उभी राहिले. पाऊस आडवा येत होता, आतले दिवे एकदा गेले नि परत आले, आणि रोहितेशभाई ओरडले, “काय ते ठरव! इंटरनेट गेलं तर मी काय होडीतून नेऊन देऊ?”

मग नुसती धावपळ. कागदांतला एक शब्द बदलायचा, पुन्हा चढवायचा, दुसरा बदलायचा. शेवटी पडदा म्हणाला, फाइल फार जड आहे. तुझी आई खड्ड्यात गुडघाभर चिखलात उभी आहे, तो फोटो गाळावा लागला. बटण दाबल्यावर ते चक्र फिरत राहिलं, फिरत राहिलं, आणि एकदाचं ‘पोहोचला’ असं आलं. रोहितेशभाईंनी डब्यातली रोटी पुढे सरकवली. “खा, तोंड पांढरं पडलंय.”

इतका वेळ टाळलं, ते आता लिहिते. प्रमुख संशोधकाच्या रकान्यात माझं नाव आहे, ती कबुलीही मी माझ्याच नावाने दिली. तुझं त्याखाली, सल्लागार म्हणून. सोमवारी अनुदान देणाऱ्यांची कचेरी उघडली की ‘आपलं नाव प्रमुखपदावरून काढलं आहे’ असा निरोप तुला आपोआप येईल. तो थांबवता येत नाही. यंत्राने तुला ते सांगावं, हे मला सहन होईना, म्हणून उद्याच्या विमानाने तुझ्याकडे येणाऱ्या तुझ्या भावाच्या हाती हे देते आहे. आज सकाळी उनाइसीचाच फोन आला. रडत म्हणाली, आई वर्षभर कामावर परतणार नाही, हेही तूच लिही. म्हणून लिहिलं. तुला हे पटलं नाही तर प्रस्ताव मागे घेता येतो. मी कोणाला विचारणार नाही, घेईन. आणि पटलं तर फक्त ‘हो’ म्हण. उनाइसी म्हणते, तेवढा शब्द तुला आता येतो.

तुझीच,
तोरिका