पोर्चमधला सॉकेट

प्रिय राजनंदिनी,

हैदराबादला पोचल्याचा तुझा मेसेज मिळाला. शेंगापोळ्या सगळ्या ऑफिसात वाटून टाकल्या नसतील तर बरं. तुझी गाडी वळली तरी आप्पा गेट लावेनात, शेवटी मी ओरडले.

शिवपुत्रशी तुझी फारकत झाली तेव्हा वाटलं, सून गेली, संपलं. मग एकदा पुण्याहून हैदराबादला जाताना सोलापुरात तुझ्या गाडीची बॅटरी संपत आली, हायवेवरचा चार्जर बंद, आणि तुझा फोन आला, "काकू, थोडा वेळ प्लग मिळेल का?" लग्नापासून आई म्हणून अव्वा म्हणायचीस, त्या अव्वाची काकू झाले होते. फार लागलं मला ते. तरी पिठलं टाकलं. कूलरच्या प्लगला गाडी लावली तर घरातली सगळी लाईट गेली, आणि भर दुपारी आपण तिघं घामाघूम होऊन हसत बसलो. निघताना 'येते अव्वा' म्हणालीस.

आप्पांनी लगेच पोर्चमध्ये तुझ्या गाडीसाठी वेगळा सॉकेट बसवला. वायरमन म्हणाला, "मोठा चार्जर लावा की, लवकर भरंल." आप्पा म्हणाले, "कशाला? रातभर लागू दे की." पुढं हायवेवर नवे चार्जर आले. तिथं पाऊण तासात काम होतं, हे तुलाही ठाऊक, आम्हालाही. तरी तू बॅटरी रिकामी करूनच यायचीस आणि मुक्काम करायचीस. आम्ही कधी विचारलं नाही.

शिवपुत्रचं लग्न ठरलंय. मुलगी चांगली आहे. नावं ठेवायला जागा नाही, मी शोधून पाहिली. रविवारी तिच्याकडचे घर बघायला आले. पोर्चमध्ये आप्पांची जुनी स्कूटर आणि भिंतीवर गाडीचा सॉकेट. तिच्या आजीनं विचारलं, "आन् गाडी कुटं हाय?" आप्पा स्कूटर पुसायला लागले. शेवटी शिवपुत्रनं खरं सांगितलं. ती माणसं वाईट बोलली नाहीत. पोरगी नांदायला येतेय, ती गाडी आता दारात नको, एवढंच म्हणाली. माझी मुलगी असती तर मीही हेच म्हटलं असतं.

म्हणून हे पत्र. फोनवर माझ्याच्यानं बोलवलं नसतं. पुढच्या वेळी हायवेवरच चार्ज कर, बाई. आज सॉकेट काढला. आप्पा जेवले नाहीत. मला रडू आवरत नाही. तिथं गाडी लावून उपाशी बसू नकोस, काहीतरी खा. गाडी दारात नको, एवढंच ते म्हणाले. मला अव्वा म्हणू नकोस, असं कुणी म्हणालेलं नाही.

तुझीच,
अव्वा