मागच्या बाकावर बाबा

प्रिय एलुनेदताई,

तुझा पत्ता कुणालाच ठाऊक नाही, तरी लिहिते आहे. वेल्सभर धर्मजागृतीची लाट आली आहे. आपल्या खोऱ्यातले दारूचे गुत्ते ओस पडलेत. कोळशाच्या खाणीतून वर आलेली माणसं काळ्या तोंडानंच प्रार्थनेला बसतात.

रविवारी आपल्या चॅपलमध्ये एक तरुण प्रचारक आला. त्यानं उपदेश केलाच नाही, नुसता गुडघे टेकून रडला. आणि बाबा उठले. व्यासपीठाखालची वडीलधाऱ्यांची मानाची जागा सोडून ते थेट दारापाशी गेले. लग्नाआधी दिवस गेले म्हणून त्यांनी सर्वांदेखत तुला ज्या बाकावर बसवलं होतं, त्यावर जाऊन बसले.

म्हातारा इथेल पुटपुटला, "अहो, वाट चुकलात की काय? तुमची जागा तिकडं पुढं!"

"ठाऊक आहे रे," बाबा म्हणाले.

सगळं चॅपल गाऊ लागलं. गाणं थांबल्यावर आई जवळ जाऊन कुजबुजली, "झालं ना आता? चला पुढं."

"एलुनेद आल्याशिवाय नाही," बाबा म्हणाले. मग ते भिंतीकडे सरकले आणि तुला नि बाळाला पुरेल एवढी जागा त्यांनी शेजारी मोकळी केली.

तुझ्या वाटेकडे डोळे लावलेली,
तेग्वेन