वजीरच्या पायांची मालिश

प्रिय हर्षाली,

फरहानाला समोर बसवून हे लिहून घेतेय. शेजारची ही सून शिकलेली, माझं बोलणं जरा नीट करून लिहिते. मघाशी विचारत होती, आज्जी, शिव्यापण लिहायच्या का? म्हटलं, एखाददुसरी राहू दे, नातीला ओळख पटायला पाहिजे.

तू पुण्याला जाऊन कुत्र्यांची मालिश शिकलीस, त्याचा कागद मिळवलास, भिंतीला लावलास. मी चाळीस वर्षं आपल्या माकणी गावातली बाळं न् बाळंतिणी चोळल्या, मला कुणी चिटोरंसुद्धा दिलं न्हाय. दिलं असतं तर वाचलं कुणी असतं म्हणा! आणि आता ह्या वयात तू मला शिकवणार, आज्जी अंगठा गोल फिरव, आज्जी मणक्यावर दाबू नको. तरी ऐकलं. रोज सकाळ-संध्याकाळ तुझ्या वजीरपुढं फतकल मारून बसते. माझे गुडघे कुरकुरतात, त्याचे लुळे पडलेले मागचे पाय गप्प. दोघांत जास्त कामातून कोण गेलंय, हे तुझ्या पुस्तकात असलं तर कळव.

चूक माझीही झाली. तुझी ती कोरडी मालिश मला पहिल्या दिवसापासून पटेना. तेलाशिवाय मालिश असते व्हय कुठं? बाळाला करतात तसं करडईच्या तेलात लसूण-ओवा कडवला आणि चोळलं. वजीरनं सगळं चाटून घेतलं, दोन दिवस अंगणभर हगवण. बाळ अंगावरचं तेल चाटत न्हाय, त्यामुळं माझ्या डोक्यातच आलं न्हाय. तू फोनवर किती ओरडलीस! आजवर एकाही बाळाची आई मला तसं बोलली न्हाय.

पण पहिला महिना बरा गेला. हात लावला की डोळे मिटायचा, मांडीवर अंगठा फिरवला की कातडी थरथरायची. दिवाळीनंतर ते थांबलं. आता हात नेला की आधी दात दाखवतो, मग लाजल्यागत माझं मनगट चाटतो. तू आठवीत असताना नळदुर्गच्या धाब्यामागून उचलून आणलेलं पिल्लू, तेरा वर्षांचं झालंय गं. मांडीत मांस उरलं न्हाय, हाताला नुसतं हाड लागतं. बाळ पोटासाठी रडतंय की कानासाठी, हे माझ्या हाताला कळायचं. ह्याचंही कळतंय. सांगायला गेलं की तू म्हणतेस, आज्जी, अजून पंधरा दिवस. असे किती पंधरवडे झाले? लई वैतागलेय मी. लोहाऱ्याहून जनावरांचे डॉक्टर दोनदा येऊन गेले, कायमचं झोपवायचं इंजेक्शन देऊन टाकू म्हणाले. तुझा बाप मान खाली घालून म्हणाला, कुत्रा हर्षालीचा, तिलाच विचारा.

विचारायचं कसं? तू व्हिडिओवर लांबून हाक मारतेस आणि हा येडा पुढच्या दोन पायांवर सगळं अंग ओढत उठतो. तू टाळ्या वाजवतेस, बघ आज्जी, फरक पडला! फोन बंद झाल्यावरचं तू कधी बघितलं न्हायस. दिवसभर धापा टाकत पडतो, पाण्याला तोंड लावत न्हाय. फरक मालिशीनं पडत न्हाय पोरी, तुझा आवाज ऐकून तो उठतो. म्हणून चार दिवस तुझा फोन उचलला न्हाय. म्हणून हा कागद, फरहानाचा नवरा आसिफ पुण्याला निघालाय त्याच्या हाती देतेय. उलटा फोन करू नकोस. रविवारी एसटीनं ये. दारातून हाक मारू नकोस, गुमान त्याच्याजवळ बस आणि तुझ्या शिकलेल्या हातानं एकदा ती मांडी बघ. मग डॉक्टरांना काय सांगायचं ते तूच सांग. उद्यापासून मी त्याला चोळणार न्हाय. तू येईपर्यंत नुसता हात ठेवून बसेन.

तुझीच, तुझ्यावर वैतागलेली,
धुरपदा आज्जी