देव्हाऱ्यातली पितळी पट्टी

अप्पा, काल तुमच्या मोटारीला एका परक्या माणसानं 'नुसती जुनी' म्हटलं, आणि त्याला कारण तुम्ही आहात. आधी हेच लिहितो, नाहीतर मी नेहमीसारखा आठवणींत वाहवत जाईन आणि राग तसाच राहील.

छप्पन साली आपला मुलूख म्हैसूर राज्यात गेला त्या सुमाराला तुम्ही हैदराबादच्या जुन्या बाजारातून होडीच्या मागे लावायच्या तीन मोटारी आणल्या होत्या. स्टेशनावरून बैलगाडीत. शेजारचे अण्णा ओट्यावरून हसत म्हणाले, "अप्पा, आपल्या मंठाळात नाव कुठं चालवायलात? विहिरीत व्हय?" तुम्ही म्हणालात, "वळखायला पाणी लागत न्हाई." मग अंगणात पोत्यावर त्या मांडून मला शिकवू लागलात. वरचा काळा रंग खरवडला की खाली लष्करी हिरवा लागतो; पण रंग कुणीही देईल, खरी ओळख पितळी पट्टीवरच्या नंबरात. नंबर बघून दोन तुम्हीच बाद केल्यात. तिसरी मात्र महायुद्धातली, असं ठासून सांगितलंत. मी तेव्हा शाळेत कविता शिकवायचो. कवितेतल्या साऱ्या होड्या माझ्या डोळ्यांपुढं वल्ह्यांनीच चालायच्या. त्या दिवसापासून त्यांच्यामागं तुमची मोटार धडधडू लागली.

चोरीला जाईल म्हणून पट्टी तेवढी काढून तुम्ही देव्हाऱ्यात ठेवलीत, देवांच्या टाकांशेजारी. अजून डोळ्यांपुढं दिसतं: दसरा आलाय. आई टाक चिंचेनं घासतेय, त्यांच्याबरोबर पट्टीही. तुम्ही समोरच पाटावर बसला आहात. मी म्हणतो, "आई, आकडे झिजायलेत. ती कामून घासायलीस?" "देवाजवळ बसलं ते देवच. त्याला एकट्याला काळं ठेवू व्हय?" मी तुमच्याकडं बघतो. तुम्ही चिंचेचा गोळा तिच्याकडं सरकवता. दर वर्षी हेच.

कालचा माणूस अशाच मोटारी जमवतो. पट्टी उजेडात तिरकी धरून तो बघत राहिला. आरशासारखी लख्ख. "काका, ही मोटार लढाईनंतरही बनत होती. नंबर असता तर सांगितलं असतं. आता कशावरून म्हणू? नुसती जुनी, एवढंच." "माझे वडील म्हणाले होते." तो समजूतदारपणे हसला. अण्णांच्या हसण्यापेक्षा ते मला जास्त लागलं.

एक शब्द बोलता येत नव्हता तुम्हाला? नंबर कुठंतरी उतरवून ठेवता येत नव्हता? दुसऱ्यांच्या मोटारी नंबरावरून बाद करणारा माणूस स्वतःचा पुरावा डोळ्यांदेखत धुऊ देतो, आणि म्हातारपणी जाब मी द्यायचा. अण्णा गेले, आई गेली. तुमचं खरं होतं हे आता कुणाला दाखवू?

हे कागद कुठं धाडणार म्हणा. एक सांगायचं राहिलं. तो गेल्यावर सून म्हणाली, "मामंजी, दसरा जवळ आला. यंदा पट्टी बाजूला ठेवू व्हय?" मी न्हाई म्हणालो. चिंच मीच भिजत घातली आहे.