अर्ध्यात थांबणाऱ्याचा नियम

मस्तगड, जालना
१७ नोव्हेंबर २०२४

ती. बेबीनंदा काकूस,
प्रेमचा सविनय जय भीम, वि. वि.

आम्ही इकडे मजेत आहोत. फोनवर हा विषय काढला की तुम्ही सोयाबीनच्या भावावर जाता, म्हणून पत्र लिहितोय. विहाराच्या कपाटातली सगळी पुस्तकं संपवलेल्या बाईला पत्राचं उत्तर तरी द्यावंच लागेल.

आमच्या सकाळी पळणाऱ्या ग्रुपनं थर्टी फर्स्टला दुपारी ग्रुपमधल्याच हरिओमच्या शेतात शर्यत ठेवलीय. एक बिअर प्यायची, चारशे मीटरची फेरी मारायची. अशा चार बाटल्या, चार फेऱ्या. मागच्या वर्षी नुसती भांडणं झाली. कुणी फेस सांडला, कुणी लहान बाटली आणली, एकानं तर आडोशाला जाऊन उलटी केली आणि तोच पहिला आला. हसनाबादला गायरानात तुमच्या नियमांवर अशीच शर्यत व्हायची आणि भांडण म्हणून कधी झालं नाही, असं पप्पा सांगतात. तो नियमांचा कागद पाठवा. शर्यतीला भारत काकांचं नाव द्यायचं ठरवलंय. त्यांच्यासारखा पळणारा आपल्या घरात दुसरा झाला नाही. यंदा मी पहिला येणार, हे आत्ताच लिहून ठेवा.

आहे ती माया कमी करू नका.

तुमचा,
प्रेम


हसनाबाद
२६ नोव्हेंबर २०२४

चि. प्रेम यास,
अनेक आशीर्वाद व जय भीम.

पत्र पोचलं. अक्षर अजून कोंबडीच्या पायासारखंच आहे, पण लागलं.

कागद पाठवत नाही. त्यात काय होतं ते सांगते, मग तूच ठरव.

तुझे काका पोलीस भरतीला दोनदा गेले. दोन्ही वेळा पळण्यात पास, लेखीत नापास. वय निघून गेलं, पळायची हौस तेवढी राहिली. दर थर्टी फर्स्टला गायरानात मित्रांची शर्यत व्हायची आणि मागून भांडणं. एकदा घरी येऊन म्हणाले, बेबी, तूच लिहून दे, तुझ्या लिहिण्याला कुणी उलटून बोलणार न्हाई. मला बिअरचा वास सहन व्हायचा नाही. पण मी चौथी शिकलेली बाई, आणि पुरुष माझ्याकडून नियम लिहून घेऊन राह्यले, याचं मला फार वाटलं. दोन दिवस विचार करून लिहिलं. सगळ्यांच्या बाटल्या एकाच मापाच्या. रिकामी बाटली डोक्यावर उलटी धरून दाखवायची, मगच पळायचं. उलटी झाली की बाद. आणि शेवटी गंमत म्हणून लिहिलं की जो अर्ध्यात सोडेल त्याला मी स्वतः बांगड्या भरणार. सगळ्यात जास्त हसले ते त्यालाच.

काका हार्ट अटॅकनं गेले, असं तुझे पप्पा तुला सांगत आले. तसं नव्हतं. पाच वर्षांपूर्वी त्या शर्यतीत, चौथ्या फेरीला, यांना उबळ आली. थांबून ओकले असते तर थोड्या वेळानं उठून बसले असते. यांनी ओठ घट्ट मिटले, तोंडावर हात धरला आणि पळत राहिले. मागून कुणीतरी बांगड्या, बांगड्या म्हणून ओरडत होतं. हे रेघेच्या अलीकडे पडले. ओकारी छातीत उतरली होती, असं डॉक्टरांनी मला एकटीला बाजूला घेऊन सांगितलं.

लबाडीच्या सगळ्या वाटा मी बराबर बंद केल्या होत्या. थांबायला वाट ठेवायची, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

शर्यत करू नका म्हणाले तर तुम्ही कराल आणि मला कळवणार नाही. म्हणून हे घे. बाटलीचं माप एकच ठेवा. उबळ आली की तिथंच बसायचं, ओकायचं. बरं वाटलं आणि उरलेलं अंतर चालत पुरं केलं, तरी त्याचा नंबर धरायचा. मात्र त्यानं पुढं थेंब प्यायचा नाही. कुणीही कधीही थांबू शकतो, आणि थांबणाऱ्याला जो हसेल तो बाद. ज्याला बिअर नको त्यानं तेवढंच ताक प्यावं, त्याची वेळ वेगळी धरा. दोन माणसं बिलकुल न पिता उभी ठेवा, गाड्यांच्या चाव्या त्यांच्या खिशात.

काकांचं नाव देऊ नका. आणि तू पहिला येऊ नकोस असं मी म्हणत नाही. फक्त घरी ये.

भाऊजींना, वहिनींना जय भीम.

तुझी काकू,
बेबीनंदा


मस्तगड, जालना
४ जानेवारी २०२५

ती. काकूस,
सविनय जय भीम, वि. वि.

तुमचं पत्र पप्पांना वाचायला दिलं. वाचून बराच वेळ गच्चीवर फेऱ्या मारत होते. खाली आले आणि म्हणाले, तिच्या मनाला लागू नये म्हणून आम्ही सगळ्यांना अटॅक सांगत बसलो, आणि तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

शर्यत झाली. तुमचे नियम वाचून दाखवले तेव्हा हरिओम म्हणाला की ही शर्यत आहे का दवाखाना. तरी मानले सगळ्यांनी. त्याची बहीण आकांक्षा ताकावर पळाली आणि तिची वेळ आम्हा सगळ्यांपेक्षा चांगली आली. ती ते रोज ऐकवून राह्यली.

तीन फेऱ्या मी पहिला होतो. चौथी बाटली संपवून अर्धी फेरी गेलो आणि पोट वर आलं. रेघ समोर दिसत होती. तोंड दाबलं असतं तर पोचलो असतो. काकू, माझा हात तोंडापर्यंत गेल्ता. मग बसलो, ओकलो. सगळे शेजारून निघून गेले. नंतर चालत गेलो आणि शेवटचा आलो. हरिओम म्हणाला, नियम आहे म्हणून हसलो न्हाई, घरी जाऊन हसणार आहे.

खरं लिहितो. तिथं बसलो तेव्हा मला तुमचा फार राग आला. अजून थोडा आहे. म्हणून पत्राला चार दिवस लागले.

सांभाळून घ्या.

तुमचा,
प्रेम


हसनाबाद
११ जानेवारी २०२५

चि. प्रेम यास,
अनेक आशीर्वाद व जय भीम.

शेवटचा आलास हे वाचलं, पत्र घडी करून ठेवलं, आणि भाकरी टाकायच्या आधी पुन्हा काढून वाचलं. भाऊजींना सांग, त्यांनी खोटं सांगितलं याचं मला काही नाही. मीही गप्पच बसले होते. आपण एवढी वर्षं बोललो नाही, ते मात्र चुकलं.

तुझा राग कळला. तुझे काका त्या दिवशी बसले असते तर त्यांनाही आला असता. सगळा दोष माझ्या नियमांना दिला असता. चार दिवस बोलले नसते, ताट पुढं केलं तर भिंतीकडे तोंड करून जेवले असते. मंग पाचव्या दिवशी कुणाकडेच न बघता चहा मागितला असता. तेवढा राग मी खुशाल सोसला असता, बाळा.

तुझा गेला की ये. नाही गेला तरी ये.

तुझी काकू,
बेबीनंदा