सगळा दोष पिकचा

४ जानेवारी
यंदाचा संकल्प: टोन सुधारणे. अठ्ठावीसला लेकीचा पहिला जाहीर कार्यक्रम. ती गाणार, साथीला माझी एकट्याची गिटार. आज सरावात पिक दोनदा हातातून निसटलं. लेक म्हणाली, असू दे बाबा. असू दे कसं? शाळकरी पोरांनी वापरावं असलं ते तारा छेडायचं तिकोनी प्लास्टिक. उद्या प्रीमियम पिक आणणार.

५ जानेवारी, संध्याकाळ
दुकानदार जाणकार निघाला. म्हणजे त्याने माझं सगळं ऐकून घेतलं. पातळ पिकचा टोन किनरा, जाडाचा भरदार. काठ हाताने घासलेलं, दीड मिलिमीटरचं निवडलं. काय फील! दुकानातच वाजवून पाहिलं. पडलं. दुकानदार म्हणाला, जरा घट्ट धरा साहेब. म्हटलं, घट्टच धरलंय. तो माझ्या बोटांकडे बघत राहिला. बिचाऱ्याच्या दुकानात खरा वादक क्वचितच येत असणार.

९ जानेवारी
दीडचं फार गुळगुळीत. ते देऊन दोनचं, खरबरीत पकडीचं आणलं. सकाळी शर्टाची बटणं हिने लावून दिली. हल्ली काजं फार बारीक शिवतात. ही म्हणाली, शर्ट तीन वर्षं जुना आहे. हिला नको ते बरोबर लक्षात राहतं.

१३ जानेवारी
ऑफिसचा चेक बँकेने परत पाठवला. माझी सही जुळत नाही म्हणे. साहेबांना म्हटलं, माणूस प्रगल्भ झाला की सही बदलते. साहेब हसले नाहीत.

१७ जानेवारी
दुधाचं पातेलं नुसत्या हाताने उतरवलं. लेक किंचाळली. तळहातावर टरारून फोड आला होता, पण मला कळलंसुद्धा नाही. तिला समजावलं, गिटारवाल्यांच्या हाताला घट्टे पडतात, हात कणखर होतो. ती म्हणाली, "बाबा, घट्टे डाव्या हाताला. हा उजवा आहे." मग तिने आईला हाक मारली.
हिने डॉक्टरांची वेळ घेतली. मी रद्द केली. कार्यक्रम तोंडावर आलाय. त्यानंतर जाईन, शब्द दिलाय.

२३ जानेवारी
शोध लागला! दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप. पिक बोटाला चिकटवलं, आता पडायची बिशाद नाही. टेप काढताना कातडं सोललं. रक्त हिनेच दाखवलं.
लेक चाचरत म्हणाली, तिचा एक मित्र वाजवायला तयार आहे. म्हटलं, अजून तुझा बाप जिवंत आहे. नंतर लेक अर्ध्या ताटावरून उठली. भाजी चांगली झाली होती.

२९ जानेवारी, सकाळ
कार्यक्रम झाला. पहिलं गाणं झकास. दुसऱ्यात तर मी जीव ओतला. टोन इतका मुलायम की गिटार तिच्या आवाजात विरघळून गेली. लेकीने एकदा वळून पाहिलं, डोळे मोठे करून, आणि गात राहिली. हॉल चिडीचूप. शेवटी टाळ्याच टाळ्या.
घरी आल्यावर ही म्हणाली, दुसऱ्या गाण्यात दुसऱ्या कडव्यापासून गिटार वाजतच नव्हती. पिक टेपसकट खाली पडलेलं आणि माझा हात तारांच्या वर नुसता हलत होता. लेकीने उरलेलं गाणं एकटीने निभावलं.
हॉलचं साउंडच गंडलेलं होतं. तसं आज उठल्यावर लेकीला म्हटलं. ती रडायला लागली. "बाबा, उद्या डॉक्टर. आता रद्द करायचं नाही."

३० जानेवारी
डॉक्टरबाई तरुण, आवाज शांत. म्हणाल्या, डोळे मिटा, हातात काय ठेवलंय ते सांगा. मिटले. वाट पाहिली. शेवटी म्हटलं, "ठेवा की आता." डोळे उघडले. हातात चाव्यांचा जुडगा होता, आणि लेक माझी बोटं त्याच्याभोवती मिटवून धरून बसली होती.
उद्या मेंदूचा स्कॅन.
दुकानदाराकडे तीन मिलिमीटरचं पिक सांगून ठेवलं होतं. फोन करून नको म्हटलं. त्याने का म्हणून विचारलं नाही.