पुढची खोली सुनेच्या नावे

मी, धंद्याने शिवणारी, हे स्वखुशीने लिहीत आहे. श्वास अपुरा पडतो, डोके ठिकाणावर आहे. लिही असे मला कोणी सांगितलेले नाही. लिहू नकोस असे मुलाने बजावले आहे.

घर माझ्या कमाईचे, माझ्या नावे आहे. मागची खोली व स्वयंपाकघर मुलाला. त्याच्या वडिलांची कात्रीही त्यालाच. धार लावून घ्यावी. पुढची खोली आणि तिथली दोन्ही शिलाई मशीन सुनेला, पूर्ण मालकीने. मुलाने त्यांवर हक्क सांगू नये.

म्हातारी भुलली होती असे पुढे कोणी म्हणू नये, म्हणून कारण लिहिते. आम्ही नवरा-बायको एकाच कारखान्यात शिवायचो. मंदी आली की अशा जोडीतल्या बायकोला आधी घरी पाठवत. फोरमन म्हणाला, "घरात एक पगार पुरे की, वहिनी." पुढे नवऱ्याचेही काम गेले. तो पलंगावर पडून राही. लोक त्याला बेकार म्हणून हळहळत. मला कोणी बेकार म्हटले नाही. मुकादम घरी माल देई, शिवायची मी, पण कारागीर म्हणून तो नवऱ्याचेच नाव लावी. बाजार सुधारला, तेव्हा मी शिवलेल्या कॉलर बघून कारखान्याने नवऱ्याला परत बोलावले. तो गेला. निघताना म्हणाला, "आता तू आराम कर." मी आराम केला नाही; दुकानांचे उंबरे झिजवून स्वतःच्या नावाने काम आणले. तो वारला तरी तो राग गेलेला नाही. तो कोणाला देत नाही, सोबत नेते.

आता पुन्हा मंदी आहे. मुलाचे काम सुटले. घर सुनेच्या शिवणावर चालते. मुलगा म्हणतो, "मशीन विकून टेम्पो घेतो. तिचं काय, ती घरीच असते."

वकीलबाई म्हणाल्या, "मावशी, मृत्युपत्र तुमच्यामागे चालतं. तोवर त्याला कोण अडवणार?" मुलाने ठरवलेले मशीनचे गिऱ्हाईक आज यायचे होते. म्हणून दोन्ही मशीन सुनेला आजच, साक्षीदारांसमोर, बक्षीस दिली. दाराला आतून कडी आहे. मुलगा दार ठोकतो आहे.

"आई, माणूस खाली खोळंबलाय. उघड!"

सून अर्धी उठली. "सासूबाई, उघडू?"

"आधी बाही पुरी कर," मी म्हटले.

ती बसली. मशीन चालू आहे. हे साक्षीदारांनी ऐकले आहे.

सही: शिवणारी

साक्षीदार:
१. शेजारच्या नर्सबाई
२. काजबटणवाले काका

ठिकाण: पुढची खोली
दिनांक: चौदा, बुधवार